टेस्टिंग रूममधला साप

७ ऑगस्ट, रविवार, संध्याकाळ

आज साप सापडला. मला.

तपशील नीट लिहून ठेवतो, पुढे लोक विचारतील. सकाळी नेहमीप्रमाणे मी आणि पार्टनर गावाबाहेरच्या जंगलात फिरायला गेलो. पार्टनर म्हणजे चष्म्याच्या दुकानातला माझा भागीदार. मी पुढे काउंटरवर बसतो आणि लोकांचे नंबर तपासतो. तो मागच्या खोलीत काचा घासतो. दुकान चालतं ते अर्थात पुढच्या माणसावर.

साप एका कुजक्या ओंडक्याखाली होता. ओंडका पार्टनरने उचलला, कारण माझी कंबर. साप आधी त्याला दिसला, कारण तो वाकलेला होता. हातात त्याने घेतला, कारण मी तेवढ्यात वही शोधत होतो. पण 'आज या बाजूला वळू या' असं म्हणालो होतो मी. शोध म्हणजे शेवटी दिशाच.

वर्णन: पेन्सिलीएवढा लांब, रिफिलपेक्षा थोडा जाड. तपकिरी, पॉलिश केल्यासारखा चकचकीत. डोळे असावेत. शेपटीला टोक आहे, ते त्याने पार्टनरच्या तळव्यात खुपसून पाहिलं. पार्टनर हसला, म्हणाला, गुदगुल्या होतात. चावला नाही, पण घाणेरडा वास सोडला. पार्टनर म्हणाला, नीट बघ तरी, किती सुंदर जीव आहे. मी दोन पावलं मागे सरकून बघितला. मला लांबून जास्त स्पष्ट दिसतं. ही देणगी असते.

पार्टनरने स्वतःचा डबा रिकामा करून त्यात ओला पाला घातला आणि साप ठेवला. जेवण कागदावर घेऊन उभ्याने खाल्लं. माझा डबा देता आला नसता, मला भूक होती.

संकल्प: रोज निरीक्षण. रोज नोंद. मग पेपर. सापांना शोधणाऱ्याचं नाव देतात.

८ ऑगस्ट, सोमवार

बायको म्हणाली, या घरात एक तर तो राहील नाही तर मी. मी म्हणालो, जरा विचार करून सांगतो. यात रागावण्यासारखं काय होतं, मला अजून कळलेलं नाही. घरचा पहिला विश्वासघात.

साप दुकानात, टेस्टिंग रूममध्ये. तिथे अंधार असतो, अक्षरांचा तक्ता असतो, गिऱ्हाईक एकेक येतं. पेटी पार्टनरने बनवली. जुन्या शोकेसच्या काचा काढून अरुंद, उभी पेटी. आत ओली माती, वर कुजका पाला. साप बिळात असला तरी काचेलगत दिसावा अशी सोय. मीही अशीच बनवली असती.

लायब्ररीतून पुस्तक आणलं. हा साप पाल्याखाली, कुजक्या लाकडाखाली, मऊ मातीत राहतो. गांडुळं खातो. माणसाला काही करत नाही. खवले इतके गुळगुळीत की माती चिकटत नाही. शेपटीचं टोक मातीत रोवून पुढे रेटा घेतो. ओल लागते, कोरडं त्याला सोसत नाही. पुस्तकातलं चित्र काळं-पांढरं आहे. आपला तपकिरी आहे. म्हणजे नवी जात असण्याची दाट शक्यता.

पार्टनर म्हणतो, दोन दिवस बघू आणि त्याच्या ओंडक्याखाली ठेवून येऊ. मी म्हणालो, रिसर्च दोन दिवसांत होतो का? तो म्हणाला, अरे, जीव आहे तो. मी म्हणालो, म्हणूनच तर करतोय, दगडावर कोण करेल?

९ ऑगस्ट, मंगळवार

आज माझी कल्पना. दुकानातलं सगळ्यात जाड भिंग पेटीच्या काचेवर चिकटवलं. बाकी सगळ्या काचेला काळा कागद लावला, कारण सापाला उजेड नको असतो. आता साप भिंगासमोर आला की मनगटाएवढा दिसणार. असला विचार फक्त चष्मेवालाच करू शकतो. पार्टनर म्हणाला, अरे, मग बाकीचं कसं दिसणार? त्याला मोठं चित्र बघायची सवय नाही. घासून घासून माणूस तसा होतो.

साप भिंगासमोर आला नाही.

दुकानामागच्या कुंड्यांतली गांडुळं खणून पेटीत टाकली. दुपारी एका बाईंना अख्खं दुकान दाखवत होतो. बाईंनी शेवटी काहीच घेतलं नाही, आणि नेमकं तेव्हाच सापाने एक गांडूळ खाल्लं. पार्टनरने वरून पाहिलं. म्हणाला, एका टोकाकडून धरलं आणि सावकाश आत ओढत नेलं, सुरेख दिसत होतं. मग मला हाक का नाही मारली? मारली होती म्हणतो.

त्याला बजावून सांगितलं, माझ्या गैरहजेरीत साप काही करत असेल तर पाहायचं नाही.

१० ऑगस्ट, बुधवार

पेटीत रोज पाणी शिंपडायचं काम मी माझ्याकडे घेतलं आहे. आज राहिलं. काल राहिलं होतं.

पार्टनर म्हणतो, साप पेटीच्या कोपऱ्यात तोंड घासतोय, बाहेर पडायला बघतोय, त्याला त्रास होतोय. मी म्हणालो, व्यायाम असेल. तो पुन्हा काचा घासायला गेला. हल्ली त्याला हसायला येत नाही.

११ ऑगस्ट, गुरुवार

दिवसभर फ्रेमच्या होलसेलरकडे. होलसेलरने मागच्या खेपेला कबूल केलेलं डिस्प्ले स्टँड दिलं नाही. शब्दाला किंमत राहिलेली नाही.

परत आलो तर पार्टनर दारातच. बुटांना चिखल. म्हणाला, आधी आत जा, पेटी बघ, मग काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेतो. मी गेलो. भिंगाला डोळा लावला. आणि काय सांगू! साप भिंगासमोर! पहिल्यांदा! शांत, गुबगुबीत, लांबच लांब. बाहेर येऊन पार्टनरची पाठ थोपटली. म्हटलं, एकदम खूश आहे तो.

पार्टनर माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, नीट बघितलंस? मी म्हणालो, आयुष्य गेलं लोकांचे डोळे तपासण्यात. तो पुन्हा काहीतरी सांगणार होता, पण मला त्या आनंदात त्याचा आवाज नको होता.

१४ ऑगस्ट, रविवार

फिरायला गेलो नाही. पार्टनर एकटा गेला. मी दुकान आतून बंद करून पेटीपाशी.

आजची नोंद ठळक अक्षरांत व्हायला हवी. सापाच्या गळ्याशी पट्टा आहे! फिकट, गुलाबीसर, अंगाला वेढा घालून गेलेला. शिवाय सबंध अंगावर बारीक बारीक कड्या. पुस्तकात पट्ट्याचा उल्लेख नाही. कड्यांचा नाही. पहिल्या दिवशी पार्टनरच्या हातात असताना पट्टा दिसला नव्हता, पण तेव्हा तो पार्टनरच्या हातात होता. माणूस पाहून प्राणी खुलतो.

खवले दिसत नाहीत. कात टाकली असणार. कात सापडली नाही. खाल्ली असणार.

नवी जात. नक्की.

१७ ऑगस्ट, बुधवार

तो पुढेही जातो आणि मागेही. तितक्याच सहज. पुस्तकात याबद्दल चकार शब्द नाही. पुस्तक लिहिणाऱ्याने लायब्ररीला फसवलं आहे.

त्याहून मोठी गोष्ट. पेटीतली गांडुळं त्याने खायचं सोडलं! आज भिंगातून बघितलं, एक गांडूळ त्याच्या अंगाला अंग लावून निवांत पडलं होतं. दोघं भावासारखे. नंतर सापाने पाल्याचं एक कुजकं पान धरलं आणि बिळात ओढून नेलं. म्हणजे पान खातो. शाकाहारी साप! माझ्या सहवासात हिंसा सोडली.

पार्टनरला हे सांगितलं तेव्हा त्याच्या हातातली काच मशीनवर तुटली. म्हणाला, बस जरा, मला तुला एक सांगायचंय. पण गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक गेल्यावर मला सापाकडे जायचं होतं.

१९ ऑगस्ट, शुक्रवार

सासूबाई डोळे तपासायला आल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झालाय. त्यांना मोठ्या मनाने पेटी दाखवली. त्यांनी भिंगाकडे ढुंकूनही न बघता वरचा पाला बोटाने बाजूला केला, आत बघितलं आणि म्हणाल्या, अहो जावईबापू, हे गांडूळ आहे.

मी म्हणालो, गांडुळं आहेत, ती खाऊ म्हणून टाकलेली. त्या म्हणाल्या, तेच म्हणतेय, गांडुळंच आहेत.

ऑपरेशन बिघडलेलं दिसतंय. नंबर पुन्हा तपासला. सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचली. पाठ केली असणार.

बायको घरी आईची बाजू घेऊन हसली. साप, सासू आणि बायको यांच्यात पाठीशी उभा राहणारा फक्त साप.

२२ ऑगस्ट, सोमवार

कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रोफेसरांना पत्र धाडलं, सोबत भिंगातून काढलेला फोटो. आमच्या निसर्ग मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाला तेच पाहुणे आहेत. कॉम्प्युटर पार्टनर चालवतो, म्हणून मी सांगितलं, त्याने टाइप केलं. 'अमुक तारखेला जंगलात भटकत असताना मला एकट्याला हा साप आढळला.' इथे पार्टनर थांबला. विचारलं, एकट्याला? मी म्हणालो, असल्या पत्रात गर्दी बरी दिसत नाही. त्याने टाइप केलं. 'ओंडका मी स्वतः उचलला.' तेही टाइप केलं. स्पेलिंगची एकही चूक केली नाही, हे मान्य करायला हवं.

पाठवायच्या आधी तो म्हणाला, थांब, हे पाठवू नकोस, आधी माझं ऐक, त्या गुरुवारी मी… मी म्हणालो, पुरे! जळतोस तू, आणि स्वतःच बटण दाबलं. गुरुवारी त्याने काय केलं त्याच्याशी मला काय करायचंय? जगात रोज कोणी ना कोणी गुरुवारी काहीतरी करत असतं.

त्यानंतर दिवसभर मागच्या खोलीतून मशीनचा आवाज. चहालाही बाहेर आला नाही. मला जरा चुकल्यासारखं वाटलं, पण नंतर गेलं.

२६ ऑगस्ट, शुक्रवार

प्रोफेसरांचं उत्तर! 'फोटोत नेमकं काय आहे ते नीट कळत नाही, पण आपला उत्साह पाहून आनंद झाला.' आनंद झाला! सरळ सरळ कबुलीच आहे. मंडळाने कार्यक्रमात मला चाळीस मिनिटं दिली. विषय: 'पट्टाधारी शाकाहारी भूमिगत साप, एक निरीक्षण.' जिवंत साप दाखवणार.

भाषणाची तालीम टेस्टिंग रूममध्ये. एक म्हातारे गृहस्थ नंबर तपासायला बसले होते, त्यांना ऐकवलं. त्यांनी चष्मा बनवायचं रद्द केलं.

३० ऑगस्ट, मंगळवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

प्रोफेसरांचा फोन आला. म्हणाले, तुमच्या पार्टनरचा फोन आला होता, कार्यक्रमाच्या आधी मी एकदा दुकानात येऊन शांतपणे पेटी पाहून जावी असं ते म्हणत होते, येऊ का? मी म्हणालो, काही गरज नाही.

म्हणजे असं आहे. माझ्या पाठीमागे. माझ्या प्रोफेसरांना. आधी येऊन बघा म्हणे! म्हणजे मी चाळीस मिनिटं बोलायच्या आधी याने साप दाखवून मोकळं व्हायचं, ओंडका कोणी उचलला ते कानात सांगायचं आणि नाव स्वतःचं लावून घ्यायचं. केसाने गळा कापला. ज्याच्या ताटात जेवलो, ज्याच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीला वाढत होतो, ज्याने माझ्या आजारपणात महिनाभर एकट्याने दुकान ओढलं, त्याने!

त्याला काउंटरवर बोलावून विचारलं, फोन केला होतास? म्हणाला, केला होता, तुझ्यासाठीच. दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यादेखत म्हणालो, तुझ्यासारखा माणूस मला दुकानात नको. म्हणताना थोडं मोठ्याने झालं.

त्याने ऍप्रन काढला. त्याची घडी घातली. मशीनवर तयार होत असलेली काच पूर्ण केली, फ्रेममध्ये बसवली, पुसून काउंटरवर ठेवली आणि गेला. अपराधी माणूस बोलणार काय?

बायकोने भात वाढताना पातेलं आपटलं. तीही सामील आहे का?

५ सप्टेंबर, सोमवार

पार्टनर हॉस्पिटलच्या डोळ्यांच्या विभागात लागला. सहाच दिवसांत! म्हणजे आधीपासून ठरलेलं असणार.

मला फरक पडत नाही. काचा घासणं ही काही फार मोठी विद्या नाही. आज स्वतः मशीन लावलं. पहिली काच तुटली. दुसरी तुटली. तिसरी फ्रेमपेक्षा लहान झाली. चौथी बसली, पण ती डावी होती. काचेची क्वालिटी पूर्वीची राहिलेली नाही.

मागच्या खोलीत फार शांत वाटतं. रेडिओ आणून ठेवला.

१० सप्टेंबर, शनिवार

काचा बाहेर घासायला देतोय. एका शिक्षिकेचा आणि एका ड्रायव्हरचा चष्मा आपसात बदलला. शिक्षिका जिन्यावरून घसरल्या. ड्रायव्हरने निदान स्वतः येऊन सांगितलं, तेही पायी. दोघांनी पार्टनर कुठे आहे असंच विचारलं. माणूस मागच्या खोलीत बसायचा, ओळखत मात्र सगळे त्यालाच. आतून पोखरणं म्हणतात ते हेच.

एकच समाधान, साप. रोज संध्याकाळी भिंगापाशी बसून त्याला दिवसभराचं सांगतो. ऐकतो. मध्ये बोलत नाही. पार्टनरही नाही बोलायचा तसा. पण त्याचं गप्प बसणं वेगळं होतं, आता कळतंय.

संकल्प: कार्यक्रमात पार्टनर आला तर त्याला ओळख द्यायची नाही. पहिल्या रांगेत बसला तर तिसऱ्या रांगेकडे बघून बोलायचं.

१७ सप्टेंबर, शनिवार

लिहू की नको?

लायब्ररीचा हॉल भरलेला होता. पार्टनर आला नव्हता. मी चाळीस मिनिटं बोललो. पट्टा, कड्या, पुढे-मागे चालणं, अहिंसा. बायको मान खाली घालून बसली होती, मला वाटलं अभिमानाने. मग पेटी उघडली. काळा कागद काढला, मातीत हात घातला आणि त्याला बाहेर काढला. मी त्याला पहिल्यांदाच हातात घेत होतो. ओलसर होता. चिकट. मनगटाएवढा अर्थातच नव्हता, तेवढं मला कळतं. तरी फारच बारीक वाटला. प्रवासाने वाळला असेल म्हणून प्रोफेसरांच्या तळहातावर ठेवला.

प्रोफेसरांनी चष्मा लावला. बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. अगदी हळू आवाजात विचारलं, साप कुठे आहे?

मी म्हणालो, तुमच्या हातावर.

ते त्याहून हळू म्हणाले, अहो, हे गांडूळ आहे.

माईक चालू होता. तो कोणी चालू ठेवला, याची चौकशी व्हायला हवी.

मग मागून कोणीतरी विचारलं, आमच्या कुंडीतही ही नवी जात आहे, नाव कोणाचं लावू? मग सगळा हॉल. प्रोफेसर सज्जन माणूस. म्हणाले, गांडूळ हा मातीसाठी फार मोलाचा प्राणी आहे, त्याचंही इतकं बारीक निरीक्षण कोणी करत नाही, टाळ्या वाजवा. लोकांनी वाजवल्या. हसणं सोसलं असतं. त्या टाळ्या सोसल्या नाहीत.

सासूबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी 'मी म्हणाले होते' असं म्हटलं नाही. तेही लागलं.

घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून बसलो. रडू आलं. हे इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे सांगणार? सांगायचो तो माणूस हॉस्पिटलात नोकरीला आहे.

१८ सप्टेंबर, रविवार

आज सगळं बाहेर पडलं. बायकोने सांगितलं.

मी होलसेलरकडे गेलो होतो त्या गुरुवारी पार्टनरने साप नेऊन त्याच्या ओंडक्याखाली सोडला. साप सुकत चालला होता म्हणे, तोंड सोललं होतं. मी परत आल्यावर शिव्या खायच्या तयारीने तो दारात उभा होता. मी आत जाऊन बघून आलो आणि त्याची पाठ थोपटली. त्याच संध्याकाळी त्याने बायकोला फोन केला, वहिनी, काय करू? ती म्हणाली, उद्या कळेलच त्यांना. उद्या कळलं नाही. नंतर तो सांगायला यायचा आणि मी बोलू द्यायचो नाही. शेवटी चारचौघांत शोभा होऊ नये, प्रोफेसरांनी एकांतात सांगावं, म्हणून फोन केला.

म्हणजे फोन केला तो मला वाचवायला, असं बायकोचं म्हणणं. असेल. पण मला विचारून वाचवायला काय झालं होतं?

मी म्हणालो, तू का नाही सांगितलंस? ती म्हणाली, मी सांगितलं, आईने सांगितलं, तुम्ही आईचा नंबर तपासलात.

सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना! मी रोज त्या भिंगाला डोळा लावून बसत होतो आणि घरात, दुकानात प्रत्येकाला माहीत होतं की आत साप नाही. बायकोने दगा दिला. सासूबाईंनी खरं सांगून दगा दिला. साप माझ्या हातावर तुरी देऊन गेला. गांडूळ महिनाभर सापासारखं वागलं. पार्टनरला अस्तनीतला साप म्हणावं, तर साप त्यानेच सोडून दिलेला. धड शिवीसुद्धा देता येत नाही.

सगळ्यात जास्त राग कशाचा येतोय सांगू? तो तीन आठवडे माझ्याशी नेहमीसारखाच वागला. चहा आणून देत होता.

२१ सप्टेंबर, बुधवार

गांडूळ कुंडीत सोडलं. त्याने मागे वळून पाहिलं नाही. मागची बाजू कुठली, हेही मला कळलं नाही.

२४ सप्टेंबर, शनिवार

दिवसभरात गिऱ्हाईक नाही. दोघं आले होते, पण कार्यक्रमाबद्दल विचारायला.

सांजेला मागच्या खोलीत गेलो. घासण्याच्या मशीनवर धूळ. त्याच्या स्टुलावर बसून बघितलं. फार उंच आहे, पाय टेकत नाहीत. इतकी वर्षं तो यावर कसा बसायचा, कधी विचारलं नाही. विचारायला वेळही नव्हता, पुढे गर्दी असायची. गर्दी त्याच्या चष्म्यांना असायची, असं बायको म्हणते. तिचं तिच्यापाशी.

२५ सप्टेंबर, रविवार, सकाळ

ठरलं. त्याला माफ करतो.

रविवारी तो जंगलात जातोच. तिथे गाठायचं. मन मोठं ठेवायचं, पण आधी दोन शब्द सुनवायचे. ते झाले की 'परत ये' म्हणायचं. दुकान दोघांचं आहे, स्टूल तुझं आहे, ये. तो मुळात साधा माणूस, लगेच येईल. उद्या सकाळी दुकान दोघांनी उघडायचं.

बायको म्हणाली, ते दोन शब्द गाळा, नुसतं शेवटचं म्हणा. मी म्हणालो, क्रम महत्त्वाचा असतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ

तो तिथे होता. मला बघून आश्चर्य वाटल्यासारखं केलं नाही. नुसता सरकला, जागा दिली. ओंडक्याच्या एका टोकाला त्याने हात घातला, दुसऱ्याला मी. कंबर दुखली, बोललो नाही.

साप होता. तोच. पार्टनरने ओळखला. म्हणाला, तोंडाला खरचटलं होतं ते भरून आलंय. अलगद उचलला, तळहातावर घेतला आणि माझ्यापुढे धरला. मी सवयीने मागे सरकलो. तेव्हा त्याने दुसऱ्या हाताने स्वतःच्या नाकावरचा चष्मा काढला आणि माझ्या हातात दिला.

लावला.

काय लिहू? खवले होते. एकेक सुटा, एकावर एक नीट बसवलेला, आणि प्रत्येकावर उजेडाचा एक ठिपका. डोळे होते, मोहरीहून बारीक, काळे. जीभ होती. बाहेर यायची, जायची. शेपटीचं टोक पार्टनरच्या तळव्यावर टेकवून बघत होता. मी असलं काही आजवर बघितलं नव्हतं. त्या तळव्यावर काचा घासून पडलेले घट्टे होते, तेही दिसले.

पार्टनरने विचारलं, दिसला?

मी म्हणालो, चष्म्याशिवायही दिसत होता.

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. चष्मा परत घेतला, शर्टाला पुसून लावला. साप खाली ठेवला. पाल्यात शिरला, शेपूट दिसत होती तोवर दोघं बघत होतो. ओंडका पुन्हा होता तसा ठेवला. म्हणाला, हॉस्पिटलात एक तारखेपासून कायम करतायत. मी म्हणालो, वा, नशीब आहे हॉस्पिटलचं, सांभाळून राहा म्हणावं त्यांना. तो थोडा वेळ थांबला. मीही थांबलो. मग येतो म्हणाला आणि गेला.

दोन शब्द सुनवले तसे.

'परत ये' म्हणायचं राहिलं. तेवढंच म्हणायला गेलो होतो.